सोळा फुटी होडीसाठी गाडी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी पावणेचार वाजता माझ्या दाजींची सोळा फुटी फायबरची होडी चारठाण्याजवळच्या त्यांच्या अंगणातून धरणाकडे निघाली. ती एका काळ्या-पिवळ्या जीपला जोडलेली होती. याच जीपला ही होडी त्याच आठवड्यात दोनदा ओढता आली नव्हती. मधल्या दिवसांत तीन वेगळ्या गाड्यांचा विचार झाला आणि एक ट्रॅक्टर प्रत्यक्ष आणला गेला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पंचवीसेक वर्षं ते धरणात मासे धरतात. त्यांच्या वडिलांची लाकडी होडी होती, ती मोडल्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून दाजी दुसऱ्याच्या होडीवर जात आणि निम्मे मासे होडीवाल्याला देत. यंदा मच्छीमार संस्थेतल्या एका वृद्ध सभासदाने काम सोडलं आणि एकोणीस नंबरची जागा रिकामी झाली. संस्थेने ती दाजींना देऊ केली. अट एकच होती: सोमवारी सकाळी दहाला पाहणी, त्या वेळी स्वतःची होडी पाण्यावर पाहिजे. नसली तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

दाजींनी पाथरी तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावातून जुनी होडी घेतली. सोबत दोन चाकांची ट्रॉली मिळाली. या ट्रॉलीच्या दांड्याला पुढे लोखंडी वाटी असते. ती गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसवायची आणि वरून खटका लावायचा. असा गोळा गावात एकाच गाडीला होता, ती म्हणजे जिंतूर-चारठाणा मार्गावर प्रवासी नेणारी जीप. तिच्या मालकाने पूर्वी वरातीतला जनरेटर ओढायला तो बसवून घेतला होता. मालक स्वतःच चालवतो. एका गुरुवारी तो दाजींना घेऊन पाथरीकडे गेला आणि संध्याकाळी सातला होडी घेऊन परत आला. वाटेत कुठेही अडचण आली नाही. चढावर जीप तिसऱ्या गिअरमध्ये होती, असं त्याने मला नंतर दोनदा सांगितलं.

होडी अंगणात आणण्याचं कारण रंग हे होतं. संस्थेचा नियम निळ्या रंगाचा, आणि होडी पिवळी होती. दाजींचं अंगण रस्त्यापेक्षा खाली आहे. अंगणातून रस्त्यावर यायला वीस-बावीस फुटांचा चढ आहे आणि जमीन काळी.

पुढच्या बुधवारी सकाळी सव्वानऊला दाजींचा फोन आला. मी परभणीत होतो.

"पावनं, कुठं हायत तुमी?"

"घरी. का?"

"जीप चढंना."

"कशी चढंना?"

"कशी म्हंजी? मागची चाकं गरगर फिरायलीत अन् गाडी जागच्या जागी. डायवर म्हणतो होडी मलाच उचलायली. तुमी पेपरात होते, चार लोकांना विचारा अन् सांगा, कोणती गाडी लागंल. सोमवारी धाला होडी पाण्यात पायजे."

मी तपशील लिहून घेतला. होडी विकणाऱ्याने ट्रॉलीसह वजन पाचशे किलोच्या आत सांगितलं होतं. मी त्याला फोन केला, त्याने तेच सांगितलं. परभणीतल्या एका मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला की एवढं वजन ती जीप हसत ओढेल, ओढत नसेल तर क्लच गेला. दाजींनी तो निरोप ड्रायव्हरला दिला. ड्रायव्हरने मला फोन केला.

"साहेब, क्लच गेला म्हणणारा कोण हाय त्याला इकडं पाठवा. काल चौदा शीटं भरून जिंतूरचा घाट चढलो."

"चौदा?"

"ते लिहू नका."

फोनवर मागून माझ्या बहिणीचा आवाज येत होता. अक्का शेळ्या पाळते, नऊ आहेत. तिला बोलायचं होतं म्हणून ड्रायव्हरने फोन तिच्याकडे दिला.

"ए, तुझ्या दाजीला सांग काहीतरी. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन बादल्या. माझ्या शेरडांचं पाणी त्या होडीला पाजायलाय हा माणूस. आडावरून मी आनायची अन् यानं तिकडं वतायची."

लाकडी होडी पाण्याबाहेर ठेवली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. म्हणून जुने लोक काठावर ठेवलेल्या होडीत रोज पाणी टाकतात, ओली गोणपाटं पसरतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधा मिटतो. दाजींच्या वडिलांनी हे आयुष्यभर केलं, दाजींनीही केलं. फायबरच्या होडीत ना फळ्या, ना सांधे. पण होडी अंगणात आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दाजींनी बादली उचलली.

या होडीला आतून सपाट तळ होता आणि त्याच्याखाली पोकळी. वरचं पाणी खाली जावं म्हणून तळाच्या कोपऱ्यांत बोटभर भोकं होती. दाजी पाणी ओतत, ते सरकत कोपऱ्यात जाई आणि नाहीसं होई. थोड्या वेळाने तळ कोरडा. दाजींच्या मते होडी पाणी पीत होती. जुनी आहे, फार दिवस कोरडी राहिली असेल, तहान मोठी आहे, असं त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं होतं.

अक्काने सांगितलेली गोष्ट माझ्याकडे बुधवारपासून होती. मी ती घरगुती तक्रार समजलो आणि वहीत घेतली नाही.

शुक्रवारी सकाळी जीपने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी मी हजर होतो. ट्रॉलीची चाकं बसल्यासारखी दिसत होती, म्हणून आधी हवा भरली. ड्रायव्हरने गाडीतल्या सहा प्रवाशांना खाली उतरवलं आणि धक्का द्यायला लावलं. प्रवाशांत एक शिक्षक होते, त्यांना शाळेची घाई होती. दाजींच्या गल्लीतले चौघे आले. जीप पाच-सहा फूट चढली. मग होडीचं मागचं अंग जड होऊन खाली गेलं, दांडा वर आला, आणि दांड्याबरोबर जीपची मागची बाजू उचलली गेली. चाकं माती उडवत फिरली. शिक्षकांची पँट गुडघ्यापर्यंत काळी झाली.

"सर, आज चित्रकलेचा तास घ्या," गल्लीतला एक जण म्हणाला.

"तू गप ढकल. तिसरीत दोनदा बसलेला तू," शिक्षक म्हणाले.

जीप परत खाली आली. ड्रायव्हर उतरला, होडीभोवती एक फेरी मारली आणि दाजींना म्हणाला, "गुरुवारी हीच होडी आनली का मी? का तुमी बदलून ठिवली?"

"बदलायला माझ्याकडं दुसरी कुठली?"

"मंग ही वाढायली कशी?"

सगळे हसले. तो सहा प्रवाशांना घेऊन निघून गेला.

त्यानंतर अंगणात चर्चा झाली ती साधारण दीड तास चालली. चर्चेत सात जण होते आणि बोलणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी गाडी होती. एकाने बैलगाडी सुचवली. तिच्या साट्यावर होडी मावली नसती, निम्मी मागे लोंबली असती. एकाने पिकअप सांगितला: होडी ट्रॉलीवरून काढून पिकअपमध्ये टाकायची. त्यासाठी आठ माणसं इथे आणि आठ धरणावर लागली असती. दाजींनी रंग केलेल्या भागावर दोर लावू द्यायला नकार दिला. तिसऱ्याने ऊस वाहणारा ट्रक सांगितला.

"ट्रक काठापर्यंत जाईल का?"

"जाईल की."

"अन् परत येईल का?"

धरणाचं पाणी उतरलं की काठाची गाळाची जमीन उघडी पडते. वरून वाळलेली दिसते, खाली ओली असते.

माझं मत ट्रॅक्टरचं पडलं. ताकद भरपूर, चाकं मोठी, काळ्या मातीत चालणारं वाहन. मी ते ठामपणे सांगितलं. दाजींनी शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं. त्याने शनिवारी दुपारी ट्रॅक्टरचं हेड, म्हणजे ट्रॉली न जोडलेला नुसता ट्रॅक्टर, आणून अंगणात उभं केलं.

ट्रॅक्टरच्या मागे गोळा नसतो. तिथे दोन पट्ट्यांमध्ये खीळ घालतात. दाजींच्या ट्रॉलीची वाटी त्या खिळीवर बसेना. उंचीतही हातभर फरक होता. हे मी आदल्या दिवशी मोजायला हवं होतं. मोजलं नव्हतं.

"साखळीनं बांधू," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"अन् उतारावर?" दाजी म्हणाले.

धरणाकडे जाताना शेवटी मोठा उतार आहे. ट्रॉलीला ब्रेक नव्हता. साखळीने बांधलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला येऊन धडकली असती, आणि त्यात होडी पुढून फुटली असती. ट्रॅक्टरवाला म्हणाला की पाचशे किलोला मागून चार माणसं दोराने धरतील, त्यात काय. मी म्हणालो, ते पाचशे आहे का, हे आधी कळू द्या. एक किलोमीटरवर, जिंतूर रस्त्याला, एका जिनिंगचा वजनकाटा होता. कापसाच्या गाड्या तिथे मोजल्या जातात.

साखळी बांधली. ट्रॅक्टरने होडी एका दमात चढावरून रस्त्यावर आणली. मागे दोर धरून चार जण चालत होते. कुठे उतार आला की चौघेही टाचा रोवत आणि दाजी ओरडत, "धरा, धरा, रंग ओला हाय." रंग वाळून तीन दिवस झाले होते. रस्त्यावरून जाणाऱ्या एका एसटीचा वेग कमी झाला आणि खिडक्यांतून मोबाइल बाहेर आले.

वजनकाट्यावर चष्मा लावलेले एक कारकून बसले होते, साठीच्या आसपासचे. ट्रॉली काट्यावर अशी उभी राहिली की चाकं आणि दांडा आत आणि होडीचा मागचा टोकाचा भाग काट्याच्या बाहेर. साखळी सोडली, ट्रॅक्टर पुढे घेतला. कारकुनांनी संगणकाकडे पाहिलं.

"माल काय?"

"होडी," दाजी म्हणाले.

"होडी यादीत न्हाई. कापूस, सरकी, सोयाबीन, तूर, हरभरा, भंगार. काय टाकू?"

"भंगार टाका," मागून कोणीतरी म्हणालं.

"खबरदार," दाजी म्हणाले. "कापूस टाका."

कारकुनांनी कापूस टाकला. काट्यावरचा लाल आकडा स्थिर झाला: एक हजार एकशे वीस किलो.

विकणाऱ्याने सांगितलेल्या वजनाच्या दुपटीहून हे जास्त होतं. मी काटा बरोबर आहे का असं विचारलं. कारकून चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले.

"तुमाला किती अपेक्षित होतं?"

"पाचशेच्या आत."

ते खुर्चीतून उठले, बाहेर आले आणि होडीच्या पोटावर बोटांनी ठोकलं. वर ठोकलं, मग खाली. मग दाजींकडे वळले.

"पाणी मारलंय का?"

कापसाचं वजन वाढावं म्हणून काही लोक गाडीतल्या मालावर पाणी मारतात. कारकुनांचं सगळं आयुष्य ते ओळखण्यात गेलं होतं. अपेक्षेपेक्षा जास्त वजनाच्या कुठल्याही मालाला त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो.

"मारलं की," दाजी म्हणाले. "रोज मारतो. दोन टाईम."

"रोज?"

"प्यायलीय ना ती. लय तहानलेली हाय."

"किती प्याली?"

दाजींनी बोटांवर मोजलं. शुक्रवार ते शुक्रवार आठ दिवस, दिवसाला चार बादल्या, आणि आजच्या सकाळच्या दोन. चौतीस. कारकुनांनी बादली केवढी ते विचारलं. दाजींनी हातांनी दाखवलं. कारकुनांनी मनात हिशेब केला आणि म्हणाले, "मालक, ही होडी न्हाई, टँकर हाय."

चार दोरवाल्यांपैकी एक जण रस्त्याच्या कडेला बसून हसला. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. दाजींनी होडीच्या आत हात घातला, तळाच्या कोपऱ्यातल्या भोकात बोट घातलं, बाहेर काढलं आणि ओलं बोट पाहिलं.

मी विकणाऱ्याला पुन्हा फोन लावला. मागच्या बाजूला, खाली, बूच आहे, असं त्याने सांगितलं. विकतानाच दाजींना हे सांगितलं होतं, असंही तो म्हणाला. बूच सापडायला दहा मिनिटं लागली, कारण दाजींनी त्याच्यावरून निळ्या रंगाचे दोन हात मारले होते. ट्रॅक्टरवाल्याने पान्याने ते फिरवलं. पाण्याची मनगटाएवढी धार सुटली आणि काट्याच्या बाहेर मातीत पडू लागली.

कारकून आत जाऊन आकडे वाचायला लागले.

"एक हजार ऐंशी. एक हजार चाळीस."

जिनिंगमधले हमाल बाहेर आले. कापसाची एक गाडी मागे येऊन थांबली होती, तिचा चालकही उतरून पाहायला आला. तो विचारत होता की हा कोणता माल. त्याला कापूस असं सांगण्यात आलं.

"नऊशे दहा. आठशे. अहो मालक, अजून किती पाजलंय?"

सातशेवर धार बारीक झाली. चौघांनी दांडा उचलून होडीचं नाक वर केलं. धार पुन्हा वाढली. दांडा खाली ठेवल्यावर आकडा चारशे नव्वदवर थांबला आणि हलला नाही. कारकुनांनी दुसरी पावती काढून दिली. त्यातही मालाच्या जागी कापूस होतं. पहिली आणि दुसरी पावती यांच्यात सहाशे तीस किलोंचा फरक आहे. दोन्ही पावत्या माझ्याकडे आहेत.

"आता वाळलेला हाय माल," कारकून म्हणाले.

चारशे नव्वद किलोला ट्रॅक्टरची गरज नव्हती. शिवाय वाटी त्याच्या खिळीवर बसत नव्हती ती नव्हतीच. ट्रॅक्टरवाल्याने होडी साखळीने परत अंगणात पोचवली आणि जाताना दाजींना सांगितलं की पुढच्या वेळी त्याच्या कांद्याला पाणी पाजायला या.

जीपच्या ड्रायव्हरला फोन करायला दाजी तयार नव्हते. मी केला. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "म्हंजी क्लच चांगला हाय?"

"चांगला आहे."

"हे त्या मेकॅनिकला सांगा. माझ्यासमोर सांगा." मी परभणीला फोन लावून त्याला जोडून घेतलं. मेकॅनिकने एका वाक्यात चूक मान्य केली. ड्रायव्हरने रविवारी दुपारी येतो म्हणून सांगितलं.

रविवारी पहाटे दाजी अंगणात उठून आले तेव्हा बादल्या जागेवर नव्हत्या. अक्काने रात्रीच दोन्ही घरात घेऊन कुलूप लावलं होतं.

"तोंड धुवायला तर दे," दाजी म्हणाले.

"तांब्या हाय. तांब्यानं धुवा. अन् तो तांब्या मला परत दाखवा."

जीप तीन वाजून वीस मिनिटांनी आली. वाटी गोळ्यावर बसली, खटका लागला. ड्रायव्हरने या वेळी कोणालाही धक्का मारू दिला नाही. लोकांना बाजूला उभं केलं, काच खाली केली आणि दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढला. वर पोचल्यावर त्याने गाडी थांबवली, उतरला आणि गल्लीतल्या चौघांकडे पाहिलं.

"कोण म्हणत होतं रे ट्रक आना?"

चौघे जीपमध्ये चढायला लागले.

जीपमध्ये दाजी, अक्का, मी आणि गल्लीतले चौघे होते. जिंतूर ओलांडून साडेपाचला आम्ही धरणावर पोचलो. उतारावर ड्रायव्हरने पहिला गिअर सोडला नाही. पाणी मागच्या वर्षीपेक्षा आत गेलं होतं आणि मोकळ्या झालेल्या गाळाच्या जमिनीवर लोकांनी हरभरा पेरला होता. बांधाबांधाने जात पाण्यापासून दोनशे पावलांवर जीप थांबवावी लागली, पुढे जमीन दबत होती. ट्रॉली सोडवली. सात जणांनी ती हातांनी ओढली. अक्का पुढे राहून कोणाच्या हरभऱ्यावर चाक जाऊ नये म्हणून वाट सांगत होती आणि मध्येच दाजींना म्हणत होती, "बघा, कशी हलकी हाय. माझ्या शेरडांचा तळतळाट उतरला."

सहा वाजून दहा मिनिटांनी होडी पाण्यावर आली. बूच घट्ट आहे की नाही हे दाजींनी तीनदा पाहिलं, ड्रायव्हरने एकदा.

सोमवारी सकाळी दहाला संस्थेचे सचिव आणि पाहणीसाठी आलेले एक अधिकारी काठावर होते. एकूण तीन होड्यांची पाहणी झाली. दाजींची शेवटी होती. अधिकाऱ्यांनी रंग पाहिला, दोन जीवरक्षक जाकिटं मोजली, वल्ही आणि नांगराचा दोर पाहिला. मग पाण्यात तरंगत्या पिंपापर्यंत जाऊन यायला सांगितलं. दाजी एकटेच वल्हवत गेले. अकरा मिनिटांत परत आले.

"होडी कुणाची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझी."

"कशानं आणली इथवर?"

"जीपनं."

सचिवांनी वही उघडली आणि एकोणीस नंबरपुढे दाजींचं नाव लिहिलं. दाजींनी सही केली. होडीच्या एका बाजूला एक आणि नऊ हे पांढरे आकडे लगेच रंगवले गेले, दुसऱ्या बाजूचे मंगळवारी.

सोमवारी संध्याकाळी साडेपाचला दाजींनी या होडीतून पहिल्यांदा जाळं टाकलं. मंगळवारी सकाळी साडेसहाला काढलं. जाळ्यात चौदा रोहू, पाच कटला आणि एक मरळ होती. त्यातले निम्मे कोणालाही द्यावे लागले नाहीत.